कानातलं नाव

ढग दुपारचे जिथे टेकायला येतात, तिथे एक शाळा होती. खोटं वाटतंय? वाटू दे. फार जुनी गोष्ट आहे ही. तेव्हा डोंगर आजच्याइतके झिजलेले नव्हते.

शाळा म्हणजे काय, तर एक मोठं पठार, पठारावर गवताने शाकारलेली एक खोली आणि खोलीसमोर भादव्यात फुलणारी पिवळीधमक सोनकी. पठार जिथे संपायचं, तिथून दरी सुरू व्हायची. दरी केवढी? दगड टाकला तर तो पडल्याचा आवाज वर यायचा नाही, एवढी. आणि दरीच्या पलीकडे आभाळाला टेकलेला एक काळाकभिन्न कडा होता. त्याच्याकडे बघताना मान दुखून यायची, पण माथा काही दिसायचा नाही.

त्याला सगळे मुका कडा म्हणायचे. म्हातारी माणसं सांगायची, की हा पूर्वी बोलायचा. पठारावरून हाक मारली की अशी हाक परत द्यायचा, की पाखरं झाडांवरून उठायची. मग एकाएकी त्याने बोलणं टाकलं. का टाकलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेतली पोरं रोज पठारावर उभी राहून ओरडायची, "ए टकल्या! ए ढब्ब्या!" कडा आपला गप्प.

"बाई, कडा बोलत का नाही हो?" एकदा एका मुलीने विचारलं.

शाळेच्या बाई डोंगराच्या पलीकडच्या गावातून यायच्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याला काय म्हणून हाक मारता, त्यावर आहे ते."

मुलांना काही उमगलं नाही. बाई असंच काहीतरी बोलतात, म्हणून ती खेळायला पळाली.

या मुलांत सगळ्यांत मोठी होती सगुणा. हुशार होती, पाठांतर एकदम पक्कं. पण तिची खरी ख्याती पाठांतराची नव्हे, जिभेची. जिभेला हाड कसं ते नव्हतंच तिच्या. कुणाकडे एकदा बघायची आणि असं काही नाव ठेवायची, की ऐकणाऱ्याने पोट धरून हसावं. उंच, काटकुळा रायाजी, तो झाला शेवगा. दिवसभर बडबड करणारी तुळजा, ती साळुंकी. आणि म्हादूचे कान जरा मोठे, म्हणून तो सुपड्या.

नाव एकदा चिकटलं की चिकटलं. एक दिवस तर खुद्द म्हादूच्या आईने दारातून हाक मारली, "सुपड्या, जेवायला ये रे!" तिलाही भान राहिलं नाही बिचारीला. म्हादू त्या दिवशी जेवला नाही. हे सगुणाच्या कानावर आलं, तेव्हा तिला जरा कसंतरी झालं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा हशा पिकला आणि ती विसरून गेली. हशा पिकला की तिला आपण पाटलिणीपेक्षा मोठ्या झालो असं वाटायचं. तेवढ्यासाठी ती काय वाटेल ते बोलायची.

त्या भादव्यात शाळेत एक नवी मुलगी आली. डोंगरावरच्याच एका लांबच्या गावची होती, मामाकडे राहायला आलेली. अंगाने बारीक, डोळे मोठे, पायांत चांदीचे पैंजण. आणि चालणं? अगं बाई! किती हळू चालावं माणसाने! वाटेत मुंग्यांची रांग दिसली की ही थांबली. दगडावरचं शेवाळ दिसलं की त्यावर बोट फिरवत बसली. एखादा ढग पायाखालून जायला लागला की तो पार होईपर्यंत ही आपली उभी. बाकीची मुलं शाळेत पोचून, पाणी पिऊन, भांडून परत गट्टी करायची, तेव्हा कुठे तिचे पैंजण वाजायचे. छुम… छुम…

बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "बाळ, तुझं कानातलं नाव सांग बरं."

कानातलं नाव म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी कुर्र करते आणि नाव सांगते. आई ऐकायच्या आधी, बाप ऐकायच्या आधी ते नाव बाळ ऐकतं. जन्माला आल्यावर माणसाला स्वतःचं असं पहिल्यांदा मिळतं ते हेच. डोंगरावरचे लोक त्याला फार जपायचे.

मुलीने ओठ उघडले. आवाज अगदी बारीक होता तिचा. आणि नेमकी त्याच क्षणी सगुणा बोलली, "गोगलगाय!"

झालं! सगळी खोली खदखदून हसली. रायाजी तर गडाबडा लोळला. बाईंनी डोळे वटारले तेव्हा कुठे सगळे गप्प झाले. पण मुलीचं नाव सांगून झालं होतं आणि ते कुणीच ऐकलं नव्हतं. बाईंनीसुद्धा नाही.

"पुन्हा सांग, बाळ," बाई म्हणाल्या.

मुलीने नाही म्हणून मान हलवली आणि ती खाली बसली.

बाईंनी तिला आग्रह केला नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे. तुला वाटेल तेव्हा सांग." मग सगुणाकडे वळून म्हणाल्या, "ती सांगेल तेव्हा तू ऐकायला असशील, एवढं बघ."

सगुणाने मान खाली घातली. ओठांवर हसू होतंच. त्या दिवसापासून नवी मुलगी गोगलगाय झाली. तिने कधी भांडण केलं नाही. हाक आली की ती नुसती बघायची आणि पुन्हा मुंग्यांकडे वळायची.

आता ऐका, काय झालं ते.

त्या डोंगरावर धुकं यायचं ते काही पाहुण्यासारखं दार वाजवून यायचं नाही. आता ऊन आहे म्हणावं, तर एवढ्यात स्वतःचा हात दिसू नये! आणि धुक्याबरोबर चकवा यायचा. चकवा कुणी पाहिलेला नव्हता. पण तो माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि त्याच्यामागे गेलेलं माणूस दरीत जातं, हे लहान पोरालाही माहीत होतं. चकव्याला सगळं ठाऊक असतं म्हणे. कोण उंच, कोण बुटकं, कुणाचे कान मोठे, कुणाची चाल हळू. त्याला एकच गोष्ट ठाऊक नसते. कानातलं नाव.

म्हणून डोंगरावरचा रिवाज असा होता, की धुक्यात कुणी कानातलं नाव घेऊन हाक मारली, तर आणि तरच ओ द्यायची. दुसऱ्या कशाने हाक आली, तर तो चकवा. त्या आवाजाकडे पाठ करायची आणि उलट्या दिशेला चालू लागायचं.

शाळा सुटल्यावर धुकं आलं, तर मुलं रांगेत उतरायची. सगळ्यांत मोठं मूल पुढे. पुढच्याने मागच्याचं नाव घ्यायचं, मागच्याने ओ द्यायची आणि मग त्याने आपल्या मागच्याचं नाव घ्यायचं. अशी ती रांग नावानावाने खाली गावापर्यंत यायची. एकाच गावची मुलं ती, एकमेकांच्या बारशाच्या घुगऱ्या त्यांच्या घरोघरी खाल्लेल्या. एरवी सगुणाने ठेवलेली नावं चालायची, पण धुक्यात कानातलं नाव चुकायचं नाही.

नवी मुलगी येऊन थोडेच दिवस झाले होते आणि तेवढ्यात उतरताना धुकं कधी लागलं नव्हतं. एक दिवस शाळा सुटली तेव्हा लख्ख ऊन होतं. बाई आपल्या गावाच्या वाटेने पलीकडे उतरल्या, मुलं अलीकडे निघाली. पठार अजून संपलंही नव्हतं आणि दरीतून धुकं वर आलं. पांढरंशुभ्र, गार, आणि एवढं दाट, की सगुणाला आपलेच पाय दिसेनात.

"रायाजी!" तिने हाक मारली.

"ओ!" मागून आवाज आला. "तुळजा!"

"ओ! महादेव!" तुळजाने म्हादूला हाक दिली.

"ओ!"

आणि पुढे काहीच नाही.

"म्हादू, तुझ्या मागे कोण आहे?" सगुणाने विचारलं.

"गोगलगाय होती," म्हादू म्हणाला. "मघाशी पैंजण वाजत होते. आता नाहीत."

"मग हाक मार की तिला!"

म्हादूने ओरडून हाक मारली, "गोगलगाऽऽय!"

धुक्यात कुठेतरी लांब पैंजण वाजले. छुम… छुम… मुलांच्या जिवात जीव आला. रायाजीनेही हाक मारली, तुळजानेही मारली. "गोगलगाऽऽय! ए गोगलगाऽऽय!" पैंजण पुन्हा वाजले. छुम… छुम… छुम…

तुळजा एकदम म्हणाली, "अगं सगुणा, आवाज लांब चाललाय."

सगुणाने कान दिले. खरंच लांब चालला होता. नुसता लांब नाही, उजव्या हाताला चालला होता. उजव्या हाताला दरी होती.

आणि मग तिला सगळं एकदम कळलं. ती पोर रिवाज पाळत होती! तिला आत्याने शिकवलं होतं तेच ती करत होती. जी हाक कानातल्या नावाची नाही, ती चकव्याची. त्या हाकेकडे पाठ करायची आणि चालू लागायचं. ही सगळी जितकी ओरडत होती, तितकी ती दरीकडे सरकत होती. हळू चालत होती, म्हणून अजून होती. दुसरी कुणी असती, तर एव्हाना गेली असती.

"गप्प बसा!" सगुणा ओरडली. "कुणी एक शब्द बोलू नका!"

सगळे चिडीचूप झाले.

"तिचं नाव काय?" सगुणाने विचारलं. "खरं नाव. कानातलं. कुणाला माहीत आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"मामाच्या घरी पळत जाऊन विचारून येऊ?" रायाजी म्हणाला.

"या धुक्यात? तू तरी पोचशील का?"

पैंजण वाजले. छुम…

सगुणाच्या डोळ्यांपुढे तो पहिला दिवस आला. मुलीचे मोठे डोळे. उघडलेले ओठ. त्या ओठांतून नाव बाहेर पडलं होतं, सगळ्यांदेखत पडलं होतं! सगुणाने मनाचे कान करून ते पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. पण तिला ऐकू येत होतं ते फक्त स्वतःचं 'गोगलगाय' आणि त्यावरचा हशा. ते नाव त्याखाली गाडलं गेलं होतं. अख्ख्या शाळेला हसवणारी तिची जीभ टाळूला चिकटली. एवढी नावं ठेवली तिने, एवढी ठेवली, आणि आज एक नाव हवं होतं तर ते तिच्यापाशी नव्हतं.

रडू येत होतं. पण रडत बसायची ती वेळ नव्हती.

सगुणा खाली बसली, ओल्या गवतावर गुडघे टेकून. का बसली, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि मग ती ओरडली नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, फक्त जरा मोठ्याने.

"मी सगुणा आहे. तुझं नाव मला माहीत नाही."

धुकं गप्प होतं. पण पैंजणही वाजले नाहीत.

"तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही. मी बोलत होते. तुला तुझं नाव होतं, तरी मी दुसरं ठेवलं. चुकलं माझं. फार चुकलं गं."

छुम. एकदाच. सगुणाने डोळे मिटून घेतले.

"तुझं नाव सांगशील का मला? मी ऐकायला बसले आहे."

किती वेळ गेला, कोण जाणे. धुक्यातून पाणी ठिबकत होतं. म्हादूने तुळजाचा हात घट्ट धरला होता. आणि मग त्या पांढऱ्या भिंतीतून एक बारीक आवाज आला. इतका बारीक, की कुणी श्वास जरी जोरात घेतला असता, तरी हुकला असता.

"मंदाकिनी."

सगुणा उभी राहिली. छातीत मावेल तेवढा श्वास तिने भरून घेतला आणि हाक मारली.

"मंदाकिनीऽऽ!"

आणि अहो, काय सांगू तुम्हाला!

दरीच्या पलीकडून, आभाळाला टेकलेल्या त्या काळ्या दगडातून, हाक आली. मंदाकिनीऽऽ! एकदा नाही, पुन्हा, आणि पुन्हा. एवढा मोठा आवाज मुलांनी जन्मात ऐकला नव्हता, आणि तरी त्याची भीती वाटत नव्हती. आत्या पाळण्यात वाकून सांगते ना, तसा वाटला तो. मंदाकिनीऽऽ! खालचं रान म्हणालं, वरचं आभाळ म्हणालं. सोनकीची फुलं थरथरली. पाखरांचे थवेच्या थवे दरीतून वर उठले आणि त्यांच्या पंखांनी धुकं फाटत गेलं. मुलं वर बघत राहिली. म्हादू तर हात जोडून उभा होता.

मुका कडा बोलला होता.

धुकं फाटलं तिथे सोनकीच्या शेवटच्या फुलांपाशी ती उभी होती. तिच्यापुढे एक पाऊल जमीन होती आणि त्यापुढे नुसतं आभाळ. तिने आभाळाकडे पाहिलं, मग मागे वळून सगुणाकडे पाहिलं.

"ओ," मंदाकिनी म्हणाली.

सगुणा धावली नाही. घाबरवायचं नव्हतं तिला. ती मंदाकिनीसारखीच हळूहळू चालत गेली आणि तिने तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता. मग मात्र सगुणाला रडू आवरलं नाही. ती मंदाकिनीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. ज्या मुलीला ती हसली होती, तीच मुलगी तिची पाठ थोपटत होती.

खाली उतरताना सगुणाने विचारलं, "माझा आवाज तर चकवाही काढू शकला असता. मीच आहे, हे तू कसं ओळखलंस?"

मंदाकिनी थांबली. वाटेवर मुंग्या होत्या, त्या तिने जाऊ दिल्या. मग म्हणाली, "आत्या सांगायची, चकवा हाक मारतो, चकवा नाव ठेवतो. पण तो नाव कधी विचारत नाही. तू विचारलंस, म्हणून कळलं, माणूस आहे."

हजरजबाबी म्हणून गावभर जिचं नाव, ती मुलगी गावापर्यंत मुकाट्याने चालली.

"आणि मंदाकिनी म्हणजे काय गं?" तुळजाने मागून विचारलं. ती कशाला गप्प राहते!

"आकाशातली नदी," मंदाकिनी म्हणाली. "आत्या म्हणते, ती फार सावकाश वाहते. आकाशात बघण्यासारखं खूप असतं ना."

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या, त्या दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा निराळाच दिसत होता. "मंदाकिनी कोण आहे इथे?" त्यांनी विचारलं. "काल आमच्या गावात चुली पेटवायची वेळ होती. डोंगराने नाव घेतलं. बायका हातातलं काम टाकून अंगणात आल्या. माझ्या आईच्या लहानपणानंतर कडा बोललाच नव्हता."

मंदाकिनी उठून उभी राहिली. या वेळी खोलीत कुणी हसलं नाही.

मग सगुणा उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलणार आणि हशा पिकणार. ती म्हादूपुढे जाऊन उभी राहिली. जन्मापासून ओळखत होती ती त्याला, शेजारच्याच घरात राहायचा तो. तरी ती म्हणाली, "तुझं नाव सांगशील का?"

म्हादूचे कान लाल झाले. "अगं, तुला माहीत आहे की!"

"माहीत आहे. पण मी कधी विचारलं नव्हतं."

म्हादू ताठ उभा राहून म्हणाला, "महादेव. पण म्हादू म्हटलेलं मला आवडतं."

"बरं, म्हादू," सगुणा म्हणाली.

त्या दिवशी शाळेत दुसरं काही शिकवलं गेलं नाही. "आदराने विचारून, ऐकून घेतलेलं नावच कडा परत देतो," बाई म्हणाल्या. बाईंनी सगळ्यांना पठाराच्या मधोमध उभं केलं. एकेकाने शेजारच्याला नाव विचारायचं, नीट ऐकून घ्यायचं आणि मग कड्याकडे तोंड करून हाक मारायची. रायाजी, तुळजा, महादेव. कडा एकेक नाव मोठ्या मायेने परत देत होता. शेवटी मंदाकिनीने हाक मारली, अगदी सावकाश, "सगुणाऽऽ!" आणि स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या दगडाच्या तोंडून ऐकल्यावर सगुणा जागच्या जागी बसली. आपलं नाव इतकं सुंदर आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर त्या शाळेत नवं मूल आलं, की सगळी शाळा गप्प बसायची. ते नाव सांगेपर्यंत कुणी ओठ हलवायचं नाही. गप्प बसायला सगळ्यांना सांगायची सगुणा, आणि सगळ्यांत पुढे बसून ऐकायचीही तीच. थट्टामस्करी बंद झाली असं मात्र समजू नका. सगुणा पुढेही सगळ्यांना हसवायची, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फक्त ज्याची थट्टा चालायची, तोही हसतोय ना, हे ती आधी बघायची.

आणि कडा? त्याला आता मुका कुणी म्हणत नाही.

या गोष्टीचं तात्पर्य कुणी विचारलंच, तर एवढंच सांगावं: माणसाला नावं ठेवली की ते आपल्याकडे पाठ करून चालू लागतं; आदराने नाव विचारलं की ओ देतं.